मासे सगळ्यात शेवटी: घरातली दोन फुटी टाकी लावायची आणि मुरवायची कशी

पहिली टाकी घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "आज पाणी भरा, रात्रभर मोटर चालवा, उद्या येऊन मासे न्या." आम्ही तसंच केलं. लेकीने निवडलेले सहा गोल्डफिश दुसऱ्या दिवशी पिशवीतून घरी आले. तिसऱ्या दिवशी पाणी ताकाच्या निवळीसारखं गढुळलं. पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडी टाकून उभे राहायला लागले, कल्ले लालभडक. आठव्या दिवशी शेवटचा गेला. दुकानात सांगितलं तर, "पाणी बाधलं असेल," म्हणून एका निळ्या औषधाची बाटली हातात मिळाली आणि सोबत आणखी सहा मासे घ्यायचा आग्रह झाला.

पाणी बाधलं होतं हे खरंच, फक्त ते कशाने हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढची टाकी मी पाच आठवडे माशांशिवाय चालवली. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "मासे कुठायत?" त्या पाच आठवड्यांत काय करायचं, त्याचाच हा लेख आहे.

आत काय चालतं

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं, विष्ठा, कुजणारं पान यांतूनही तोच निघतो. तळ्यात पाणी भरपूर आणि तो अमोनिया खाणारे जिवाणूही भरपूर. पन्नास लिटरच्या नव्या कोऱ्या टाकीत यातलं काहीच नसतं, त्यामुळे मासा आपल्याच घाणीत भाजून निघतो.

हे जिवाणू आपोआप येतात, पण सावकाश. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, त्यात नायट्रोसोमोनास हे नाव तुम्ही ऐकलं असेल. दुसरा गट, मुख्यतः नायट्रोस्पिरा, नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्राइटही विषच आहे: ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट त्यामानाने सौम्य. ते पाणी बदलून काढता येतं किंवा झाडं खातात.

दही लावणारे जिवाणू तासाभरात दुप्पट होतात, म्हणून रात्री लावलेलं सकाळी तयार. टाकीतल्या या मंडळींना दुप्पट व्हायला दिवसाच्या आसपास वेळ लागतो. शिवाय ते पाण्यात फारसे तरंगत नाहीत. स्पंजला, खड्यांना, काचेला चिकटून राहतात. पाणी रात्रभर फिरवून काही होत नाही ते यामुळेच. इंग्रजीत या प्रकाराला सायकलिंग म्हणतात. आमच्या घरात "टाकी मुरतेय" असं म्हणायची पद्धत पडली, लोणच्यासारखी.

काय घ्यायचं

सुरुवातीला २४ × १२ × १२ इंचांची टाकी घ्या. काठोकाठ ५६ लिटर, प्रत्यक्षात ५० लिटर पाणी राहतं. गोल काचेचं भांडं घेऊ नका, भेट आलं तर त्यात मनी प्लांट लावा. पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं, त्यामुळे नवशिक्याला लहान टाकीच जास्त छळते.

पाणी, काच आणि सात-आठ किलो खडे मिळून हे प्रकरण ६५-७० किलोंवर जातं. प्लायवूडच्या टीव्ही युनिटची फळी वर्षभरात मध्ये झुकते आणि कडेचा जोड तडकतो. लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्या आणि टाकीखाली थर्माकोलची शीट घाला, म्हणजे बारीक उंचसखलपणा ती खाऊन टाकते.

फिल्टरचे प्रकार बरेच आहेत. माझं मत विचाराल तर हवेच्या मोटरवर चालणारा साधा स्पंज फिल्टर घ्या. दिसायला गचाळ, बुडबुड्यांचा आवाज येतो, पण जिवाणूंना राहायला भरपूर जागा, पिल्लं ओढली जात नाहीत आणि बिघडण्यासारखं काही नाही. हवेच्या नळीत एक छोटा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावाच, नाहीतर वीज गेल्यावर टाकीतलं पाणी नळीतून उलटं मोटरमध्ये आणि तिथून जमिनीवर येतं. मोटर पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवली तरी काम होतं.

हीटर मुंबईत किंवा कोकणात सहसा लागत नाही. पुणे, नाशिक, विदर्भात थंडीच्या रात्री पाणी फार उतरतं, तिथे ५० वॅटचा थर्मोस्टॅटवाला हीटर घ्या. पाणी २५-२६ अंशांवर असलं की मासेही खूश आणि जिवाणूही.

आणि तपासणीचं किट. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल) हे चारही मोजणारं, थेंब टाकून रंग बघायचं किट घ्या. पट्ट्या स्वस्त वाटतात, पण बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाच नसतो. किटची किंमत ऐकून हात आखडतो हे मान्य. तेवढे पैसे रंगीत खडे, प्लास्टिकचा पाणबुडा आणि त्या निळ्या बाटलीवरचे वाचवा.

टाकी लावणं

उन्हाच्या खिडकीपासून लांब जागा बघा, नाहीतर महिन्याभरात काच हिरवी होते. रिकामी टाकी आधी बाल्कनीत किंवा मोरीत भरून २४ तास ठेवा. खाली वर्तमानपत्र पसरा. कोपऱ्यात कागद ओला झाला तर लगेच परत करता येते. दिवाणखान्यात भरल्यावर कळलं तर खालच्या मजल्यावरचे आधी कळवतात.

खड्यांसाठी मी बांधकामावरची बारीक काळी खडी चाळून वापरली. आपला काळा पाषाण पाण्यात काही सोडत नाही. मात्र धुवायला अर्धा दिवस गेला. बादलीत घेऊन हाताने घोळवत राहायचं, वरचं पाणी स्वच्छ येईपर्यंत. साबण अजिबात नाही, ना खड्यांना, ना टाकीला. कुठून उचललेला दगड असेल तर त्यावर लिंबू पिळून बघा, फेसाळला तर तो चुन्याचा आहे आणि पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं, करणार. समुद्राची वाळू टाळा.

इंचभराचा थर द्या, मागे थोडा उंच. त्यावर एक ताटली ठेवा आणि पाणी ताटलीवर ओता, म्हणजे खड्डा पडत नाही. वायर प्लगकडे जाताना आधी खाली लोंबून मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकतं. पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढायचे. हीटर तर पाणी उपसण्याआधी पंधरा मिनिटं बंद, कारण तापलेली काच उघडी पडली की तडकते.

झाडं लगेच लावली तर उत्तम. व्हॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट, जावा फर्न यांना फार लाड लागत नाहीत. मनी प्लांटची फांदी टाकीच्या कडेला अडकवून मुळं पाण्यात आणि पानं बाहेर ठेवली तर ती नायट्रेट चांगलं ओढते. दिवा सहा ते आठ तास पुरे.

पाणी कुठलं

नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो जंतूंना मारण्यासाठीच घातलेला असतो. तुम्ही जे जिवाणू वाढवू बघताय तेही त्यात येतात. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवलं की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात "अँटी-क्लोरीन" म्हणून मिळतं ते घाला. ते बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं, जुन्या फोटोग्राफरांचं हायपो. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा जरा जपून.

बोअरचं पाणी सहसा जड असतं. त्यात जिवाणू मजेत वाढतात, पण पीएच जास्त असला की तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो. २५ अंशांवर पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा अर्धा-एक टक्काच घातक रूपात असतो, पीएच ८ ला तो पाच टक्क्यांच्या आसपास जातो. नुसतं आरओचं पाणी भरू नका. त्यातले क्षार काढून टाकलेले असतात आणि ते किती महाग पडतं ते पुढे सांगतो.

मुरवणं

मासे नसताना जिवाणूंना अमोनिया द्यायचा कुठून? लोक कोळंबीचा तुकडा टाकून ठेवतात. चालतं, पण चौथ्या दिवशी घरात जो वास सुटतो त्याने मासे आणायची इच्छाच मरते. चिमूटभर माशांचं खाणं रोज टाकूनही होतं, फक्त किती अमोनिया तयार झाला याचा अंदाज राहत नाही. सगळ्यात सुटसुटीत म्हणजे अमोनियम क्लोराइड. हाच आपला नवसागर, कल्हईवाला वापरतो तो. बाजारातला कल्हईचा नवसागर कितपत शुद्ध असेल सांगता येत नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून छोटी बाटली आणा.

१० ग्रॅम अमोनियम क्लोराइड अर्धा लिटर पाण्यात विरघळवा आणि बाटलीवर ठळक अक्षरात लिहा, कारण ते दिसायला साधं पाणीच दिसतं. या द्रावणाचे १५ मिलिलिटर ५० लिटरच्या टाकीत घातले की अमोनिया साधारण २ पीपीएम, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम, होतो. खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण इथे कामी येतं, नंतर ते पुन्हा औषधाकडे मात्र जाऊ देऊ नका. ४-५ पीपीएमच्या वर कधी जाऊ नका, जास्त अमोनियाने जिवाणूंचंच काम मंदावतं.

माझ्या वहीतल्या नोंदी अशा आहेत. पहिल्या दिवशी १५ मिलि, किटमधली अमोनियाची नळी गडद हिरवी, म्हणजे अमोनिया भरपूर. मग आठवडाभर काहीच नाही, तोच हिरवा रंग. याच आठवड्यात बहुतेकांचा धीर सुटतो. आठव्या दिवशी नायट्राइटच्या नळीत आकाशी निळ्यात जांभळ्याची अगदी पुसट छटा आली, मी नळी पांढऱ्या कागदावर धरून बायकोला दाखवायला स्वयंपाकघरात गेलो. तिला ती निळीच दिसली. बाराव्या दिवशी अमोनिया ०.२५ वर उतरला आणि नायट्राइटचा रंग किटमधल्या रंगांच्या कार्डावरच्या शेवटच्या चौकोनाला भिडला. आकडा कार्डाबाहेर गेला की टाकीचं पाणी आणि आरओचं पाणी निम्मं निम्मं घेऊन तपासा आणि उत्तर दुप्पट करा.

अमोनिया शून्याशी आला की पुन्हा मात्रा घालायची. पण नायट्राइट चढलेलं असेल तोवर निम्मीच, दोन दिवसांआड.

एकोणिसाव्या दिवशी गाडी अडली. नायट्राइट हलेना, आणि जो अमोनिया दिवसात संपत होता तोही तसाच. दोन दिवस वाट पाहिली. मग पीएच मोजला तर ६. धरणातलं, सह्याद्रीच्या पावसाचं पाणी मऊ असतं. माझ्या नळाच्या पाण्याचा केएच, म्हणजे आम्लाला तोंड देणारा कार्बोनेटचा साठा, जेमतेम २ डिग्री निघाला. अमोनियाचं रूपांतर होताना आम्ल तयार होतं आणि ते हा साठा खातं. २ पीपीएमच्या एका मात्रेला सुमारे पाऊण डिग्रीच्या खाली केएच खर्ची पडतो. तीन-चार मात्रांत तिजोरी रिकामी, पीएच कोसळला आणि जिवाणू संपावर. आरओच्या पाण्यात ही तिजोरी पहिल्या दिवसापासूनच रिकामी असते.

उपाय डब्यात होता. चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे सहाएक ग्रॅम खाण्याचा सोडा मगभर पाण्यात विरघळवून टाकीत सोडला. ५० लिटरला तेवढ्याने केएच साधारण ४ डिग्रींनी वाढतो. दोन दिवसांत अमोनिया पुन्हा उतरायला लागला. नंतर मालवणहून आणलेले दोन शिंपले उकळून, घासून टाकीत मागच्या कोपऱ्यात ठेवून दिले. ते हळूहळू विरघळून साठा भरत राहतात. मासे असताना मात्र सोडा असा एकदम ओतू नका, पीएचची उडी त्यांना सोसत नाही.

एकोणतिसाव्या दिवशी नायट्राइटची नळी निळी, म्हणजे शून्य. पण परीक्षा अजून बाकी होती. संध्याकाळी आठला पूर्ण १५ मिलि घातले, दुसऱ्या दिवशी आठला तपासलं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. खात्रीसाठी हे लागोपाठ दोनदा झालं पाहिजे. नायट्रेटची नळी लालबुंद होती, म्हणून सत्तर टक्के पाणी दोनदा बदललं. नायट्रेटच्या किटमधली बाटली जोरजोरात हलवायला सांगतात ते मनावर घ्या. तळाशी बसलेलं रसायन मिसळलं नाही तर आकडा खोटा कमी येतो.

मासे आणायला एक-दोन दिवस लागणार असतील तर रोज थोडा अमोनिया देत राहा. उपाशी ठेवलेली फौज आटते.

विरजण मिळालं तर

ओळखीत कुणाची वर्षभर चाललेली, निरोगी माशांची टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागा. हेच विरजण. तुकडा त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, न सुकवता घरी आणा आणि तुमच्या स्पंजाला खेटून ठेवा. पाच आठवड्यांचं काम दहा-बारा दिवसांवर येऊ शकतं. नुसतं जुनं पाणी आणून उपयोग नाही, त्यात जिवाणू फारसे नसतातच. तुकड्याबरोबर त्यांच्याकडचे रोगही येतात, तेवढं विचारून घ्या. बाटलीतले जिवाणू विकत मिळतात. काहींचा अनुभव चांगला आहे, पण उन्हात पडून राहिलेल्या बाटलीत जिवंत काय उरलं असेल याची मला शंका वाटते. वापरा, पण तपासणी सोडू नका.

कुठले मासे

पहिली तुकडी म्हणून सहा झेब्रा डॅनियो. आपल्याकडचाच मासा, दीड-दोन इंचांचा, चपळ, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी पाळतात तो हाच. बोअरचं जड पाणी असेल तर गप्पी जास्त खुलतात. फक्त नर आणा, नाहीतर दर महिन्याला बारसं.

गोल्डफिश वीतभर होतो आणि घाणही तितकीच करतो, दोन फुटांत तो नको. "काच साफ करेल" म्हणून सकर नावाचा मासा गळ्यात मारतात, तो फूट-दीड फुटांचा होतो. मग लोक तो नदीत सोडतात. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात आज तो येतोय तो अशाच कुणाच्या तरी काचेच्या टाकीतून सुटलेला वंश. मोठा झालेला मासा दुकानात परत द्या, पाण्यात सोडू नका.

घरी आणल्यावर पिशवी तशीच पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा. मग उघडून दर पाच मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी आत घाला. शेवटी मासे जाळीने उचलून सोडा, दुकानाचं पाणी मोरीत. दिवा त्या दिवशी बंदच. पुढची तुकडी दोन आठवड्यांनी.

ज्यांनी मासे आधीच आणले आहेत त्यांनी खाणं एक दिवसाआड करावं आणि रोज पाव टाकी पाणी क्लोरीन काढलेल्या पाण्याने बदलावं. अमोनिया आणि नायट्राइट मिळून ०.५ पीपीएमच्या वर जाऊ द्यायचं नाही. कटकटीचं आहे, महिनाभर चालतं, पण मासे वाचतात.

नंतरचं

आठवड्याला पाव टाकी पाणी. दिवसातून एकदा, मिनिट-दीड मिनिटात संपेल इतकंच खाणं. स्पंज महिन्यातून एकदा, तोही टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत पिळायचा. दिवाळीच्या साफसफाईत टाकी रिकामी करून, खडे नळाखाली घासून, स्पंज नवा घालून चकचकीत करणारी घरं मी पाहिली आहेत. पाच आठवड्यांची कमाई एका सकाळीत वाहून जाते आणि आठवड्याभरात मासे वर तोंड काढतात.

लोडशेडिंग तीन-चार तासांपेक्षा जास्त असेल तर बॅटरीवर चालणारी हवेची मोटर घेऊन ठेवा, किंवा हवेच्या मोटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. ती चार-पाच वॅटच ओढते. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी थांबलं की आतला ऑक्सिजन संपतो, जिवाणू मरायला लागतात. वीज बराच वेळ गेली असेल तर तो डबा उघडून, टाकीच्या पाण्यात हलकं धुऊन मगच सुरू करा.

गणपतीला आठ दिवस गावी जाणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी पाणी बदला, दिव्याला टायमर लावा. मोठे मासे आठवडाभर उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही. शेजारच्या काकूंकडे चावी द्या, मोटर चालू आहे ना एवढंच बघायला सांगा, आणि खाण्याचा डबा कपाटात कुलपात ठेवा.